गणपतीत घरच्यांना मूलपेशी आणि कॅन्सर कसं समजवायचं: एक ताट, मूठभर बिया आणि लुडोचा फासा

आमच्याकडे गणपतीला चाकरमानी आले की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री लाईट जातेच, आणि लाईट गेली की सगळे पडवीत, आणि मी कुडाळ साइडला अकरावी-बारावीला बायो शिकवते म्हणून मुंबईहून आलेले मेडिकलचे जेवढे प्रश्न असतील ते सगळे माझ्या डोक्यावर. यंदा काकांचा गुडघा होता. त्यांना कोणीतरी सांगितलेलं की गुडघ्यात स्टेमसेलचं, म्हणजे मूलपेशींचं, इंजेक्शन घ्या, कूर्चा नवी येते, आणि लगेच माझ्या आतेभावाने मोबाईलवर वाचलेलं सांगितलं की स्टेमसेलमुळेच कॅन्सर होतो. काका माझ्याकडे वळून, "गो बाय, मगे ह्यां औषध आसा काय विख?"

दोन्ही. पण नुसतं "दोन्ही" म्हणून कोणाला पटत नाही, त्या रात्री दीड तास लागला, आणि त्यातून जी पद्धत जमली ती इथे लिहितेय. वर्गात पण चालते, आशाताईंच्या मीटिंगला पण चालेल. सामान: एक मोठं ताट, लुडोचा फासा, एक नाणं, आणि सहा प्रकारच्या बिया मूठमूठभर. चिंचोके, वाल, शेंगदाणे, चवळी, हरभरे, आणि गुंजा मिळाल्या तर उत्तम कारण त्या लाल असतात, नाहीतर सहाव्या प्रकाराला नेलपॉलिश लावा. गुंजा विषारी असतात हं, लहान मुलं असतील तर नेलपॉलिशच बरं.

सुरुवातीला पेशी हा शब्द काढूच नका. दहावीच्या पुस्तकात मूलपेशी आहे, मुलांनी पाठ केलेली आहे, पण पाठ केलेली म्हणूनच त्यांना ती कळलेली नसते. भातापासून सुरू करा. मी आजीला विचारलं, आजी, कापणी झाल्यावर पेरायचं भात बाजूला काढतात ते का? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की ह्या पोरीचं शिक्षण फुकट गेलं. म्हणाली, "पेरूचा भात कोण खाता काय? आनि सगळाच पेरूक ठेवलास तर खातलंस काय, माती?"

झालं. सगळा विषय ह्या दोन वाक्यांत आहे, पुढे फक्त शरीरातली नावं लावायची. वर्षाला जेवढं पिकतं त्यातलं थोडं मुडीत, म्हणजे पेंढ्याच्या गोल गाठोड्यात, बांधून पुढच्या तरव्यासाठी ठेवायचं, बाकीचं खायचं, विकायचं, पाहुण्यांना घालायचं. मुडीतलं भात म्हणजे मूलपेशी, खायचं भात म्हणजे काम करणाऱ्या पेशी. मुडी खाऊन टाकली तर पुढच्या आषाढात शेत पडीक, शरीरात हे झालं की रक्त बनणं थांबतं, आतडं सोलवटतं, जखम भरत नाही. आणि उलटी बाजू, घरातल्या कोणी वेड्यासारखं सगळंच भात पेरायला ठेवायला लागला, दरवर्षी, खायला एक दाणा देत नाही, तर घर भाताने भरून जाईल आणि माणसं उपाशी मरतील. ही उलटी बाजू म्हणजे कॅन्सर. बऱ्याच जणांच्या डोक्यात कॅन्सर म्हणजे "भराभर वाढणाऱ्या पेशी" एवढंच असतं आणि तिथेच गाडी अडकते, कारण तुमच्या आतड्याच्या चांगल्या पेशी बहुतेक गाठींपेक्षा भराभर वाढत असतात. वाढीचा वेग हा प्रश्नच नाही. किती ठेवलं आणि किती खर्च केलं हा हिशोब बिघडतो.

आता शरीरात शेती कुठे कुठे चालू आहे ते सांगायचं, आणि इथे आकडे द्या, आकड्यांनी लोक जागे होतात. आतड्याचं आतलं अस्तर 3 ते 5 दिवसांत पूर्ण नवं होतं, म्हणजे गणपती आणला तेव्हाचं अस्तर गौरी जाईपर्यंत उरलेलं नसतं. तोंडातलं अस्तर साधारण दोन आठवडे. कातडीचा वरचा थर महिनाभर. रक्तातली लाल पेशी 120 दिवस जगते आणि त्यामुळे हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखाच्या वर नव्या बनवाव्या लागतात. दर सेकंदाला! तुम्ही हे वाक्य वाचलंत तेवढ्यात कोटभर झाल्या. उलट हृदयाचा स्नायू आणि मेंदूतल्या चेतापेशी मोठेपणी जवळपास नव्या होतच नाहीत, आणि म्हणून बघा, हृदयाचा कॅन्सर तुम्ही कोणाला झालेला ऐकलाय? असतो, पण अगदीच दुर्मिळ. जिथे पेरणी नाही तिथे तणाचा त्रास पण कमी.

इथे आतेभाऊ मध्येच म्हणाला, मग आतड्याचा कॅन्सर सगळ्यांनाच व्हायला पाहिजे की, दर पाच दिवसांनी नवं म्हणजे किती वेळा कॉपी मारली जाते. बरोबर प्रश्न आहे आणि हा कोणी विचारला नाही तर तुम्हीच विचारा. प्रत्येक पेशी दोन होते तेव्हा डीएनएचं जवळजवळ 600 कोटी अक्षरांचं पुस्तक नव्याने उतरवावं लागतं, तपासणी करून पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चुका राहून जाऊ शकतात. पण आतड्यात वरच्या पेशीत चूक झाली तर काय होतं? काही नाही. ती पेशी तीन-चार दिवसांत गळून शौचातून बाहेर जाणार आहे. खायच्या भाताला कीड लागली तर नुकसान तेवढ्याच पोत्याचं, मुडीतल्या भाताला लागली तर पुढच्या सगळ्या वर्षांचं. जॉन केर्न्स नावाच्या शास्त्रज्ञाने 1975 साली हेच मांडलं होतं, की मूलपेशी थोड्याच ठेवायच्या, सांभाळून ठेवायच्या आणि बाकीच्या सतत फेकून द्यायच्या ही शरीराची कॅन्सरपासून वाचायची युक्ती आहे. मला हा विचार फार आवडतो, त्यात आपली रोजची गळती म्हणजे वाया जाणं नसून एक प्रकारची राखण ठरते.

मग मूलपेशी थोड्या म्हणजे एकच का नाही ठेवायची? त्याला माडाकडे बोट दाखवा. माडाला वाढायची जागा एकच, शेंड्याला. गेंड्या भुंग्याने ती सुई आतपर्यंत खाल्ली की चाळीस वर्षांचा माड गेला, बाजूने फुटवा नाही काही नाही. आतड्याने तो धोका घेतलेला नाही.

आता ताट घ्या. आतड्याच्या अस्तरात लाखो बारीक खाचा असतात, विहिरीसारख्या, त्यांना क्रिप्ट म्हणतात. विहिरीच्या तळाला मूलपेशी, तिथून पेशी कठड्याकडे चढत जातात, चढता चढता कामाच्या होतात आणि वर पोचल्या की गळतात. नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या टीमने 2007 मध्ये ह्या तळाच्या मूलपेशींची खूण शोधली, एल-जी-आर-5 नावाची, आणि मग उंदराच्या एका खाचेत साधारण 14 ते 16 अशा पेशी मोजता आल्या. आपण सहाच घेऊ, लुडोच्या फाशाला तेवढेच तोंड आहेत.

ताटाच्या कडेने गोल, सहा जागा, प्रत्येक जागी वेगळी बी. जागांना एक ते सहा नंबर. फासा टाका. जो नंबर येईल ती बी उचला, ती वर चढून कामाला गेली असं समजा. आता जागा रिकामी आहे, ती शेजारी भरणार. नाणं उडवा, छापा आला तर डावीकडचा शेजारी, काटा आला तर उजवीकडचा, जो असेल त्याच्याच जातीची बी मुठीतून घेऊन रिकाम्या जागी ठेवा. परत फासा. एवढंच. दोन मुलांना कामाला लावा, एक फासा, एक नाणं, बाकीचे ओरडायला.

पहिल्यांदा कंटाळवाणं वाटेल, पण पहिल्याच फाशाला एक जात ताटातून गायब होते, दहा-बारा फाशांनी साधारण दोन-तीनच उरतात आणि तिथून लोक सरसावून बसतात. आमच्याकडे चवळी पहिली गेली, मग शेंगदाणे, मग काकांनी वालावर दहा रुपये लावले (लहान मुलांसमोर, काकूंनी डोळे वटारले). साधारण तीस-चाळीस वेळा फासा टाकला की सगळं ताट एकाच जातीचं होतं, कधी लवकर, कधी फार रेंगाळतं. आणि गंमत ही की जिंकणारी बी कुठल्याही अर्थाने भारी नसते, निव्वळ नशीब, प्रत्येकाला सहात एक संधी. खऱ्या आतड्यात हेच होतं. 2010 मध्ये उंदरांच्या आतड्यातल्या पेशींना वेगवेगळे रंग देऊन बघितलं तर सुरुवातीला रंगीबेरंगी असलेली एकेक खाच एक ते सहा महिन्यांत एकाच रंगाची होत गेली. त्याआधी बरेच जण समजायचे की प्रत्येक मूलपेशी शिस्तीत दोन होते, एक घरी राहते, एक कामाला जाते. आतड्यात तसं नाही, कोणाच्या दोन्ही लेकी जातात, कोणाच्या दोन्ही राहतात, खाचेत मिळून हिशोब जुळतो. आमच्या वाडीतल्या घरांसारखंच आहे ते, एका घरातली सगळी मुंबईला आणि शेजारच्या घरात चौघे भाऊ इथेच, पण वाडी चालू आहे.

हा डाव एकदा पूर्ण होऊ द्या, मध्येच थांबवून पुढे जाऊ नका. मी वर्गात पहिल्यांदा केलं तेव्हा तास संपत आला म्हणून अर्ध्यात सोडलं आणि पुढच्या डावाचा काही परिणामच झाला नाही, कारण साधा डाव कसा चालतो ते पोटात उतरलंच नव्हतं.

दुसऱ्या डावात लाल बी आणायची. पाच जागी चिंचोके, एका जागी लाल. लाल म्हणजे बिघाड झालेली पेशी. नियम तोच, फक्त एक फरक, रिकाम्या जागेचा एक शेजारी लाल आणि दुसरा चिंचोका असेल तर नाण्याऐवजी फासा टाकायचा, 1 ते 4 आले तर लाल भरणार, 5-6 आले तर चिंचोका. म्हणजे लालला दुप्पट फायदा दिलाय. आता सगळ्यांना विचारा काय होईल. सगळे म्हणतात लालच जिंकणार. खेळून बघा. गणित मांडलं तर अशी एकटी लाल बी शंभरातल्या साधारण चाळीस वेळाच पूर्ण ताट घेते, साठ वेळा तीच ताटाबाहेर जाते, बरेचदा पहिल्या पाच-सहा फाशांतच, कारण एकटी असताना तिचाच नंबर आला की संपलं. आमच्याकडे तीन वेळा खेळलो, दोनदा लाल गेली, तिसऱ्यांदा तिने ताट भरलं आणि पोरांनी असा आरडाओरडा केला की समोरच्या घरातून विचारायला आले आरती लागली काय.

ह्या डावातून दोन गोष्टी सांगायच्या. एक, आपल्या शरीरात बिघडलेल्या पेशी सतत तयार होतात आणि बहुतेक वेळा निव्वळ रांगेच्या रेट्याने बाहेर फेकल्या जातात, आपल्याला कळतही नाही. दोन, नशीब आहे हे खरं पण फासा किती वेळा टाकायचा ते काही अंशी आपल्या हातात आहे. 2015 मध्ये टोमासेटी आणि व्होगेलस्टाइन यांचा एक पेपर आला होता, कुठल्या अवयवात मूलपेशी आयुष्यभरात किती वेळा दुभंगतात आणि तिथे कॅन्सर किती होतो ह्याचा मेळ बसतो असं सांगणारा, आणि बातम्यांत त्याचं "कॅन्सर म्हणजे फुटकं नशीब" असं करून टाकलं. त्यावरून कोणी तुम्हाला म्हणालं की मग तंबाखू खाल्ली काय नि न खाल्ली काय, तर त्याला सांगा की तंबाखू लालचा फायदा पण वाढवते आणि लाल बिया पण वाढवते. पेपर अवयवांची तुलना करतो, तुझ्या पुडीची नाही.

आता सगळ्यात रसाळ भाग, आणि इथे घाई करू नका. भातावर परत या. आजीला विचारलं, मुडीतला दाणा आणि डब्यातला दाणा ह्यात फरक काय? काही नाही, एकाच लोंबीतले. मुडीत राहिला म्हणून बियाणं, गिरणीवर गेला म्हणून तांदूळ. मूलपेशीचं बरंचसं तसंच आहे, तिचा मूलपणा जागेत असतो. लहान आतड्याच्या खाचेच्या तळाला पॅनेथ पेशी नावाच्या शेजारणी बसलेल्या असतात आणि त्या सतत एक निरोप सोडत असतात, विंट नावाचा, "तू अजून बियाणंच आहेस, दुभंगत राहा." पेशी वर ढकलली गेली की निरोप ऐकू येईनासा होतो आणि ती कामाला लागते. हे इतकं खरं आहे की उंदरात तळाच्या त्या पेशी मुद्दाम मारून टाकल्या तरी वरच्या काही पेशी खाली सरकून परत मूलपेशी होतात आणि आतडं चालू राहतं. सरपंच कोण त्याला महत्त्व नाही, खुर्ची आहे तोवर कोणीतरी सरपंच असतोच.

आता निरोप थांबल्यावर पेशीच्या आत काय होतं? आत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन असतं, ते साठलं की पेशी दुभंगायच्या मूडमध्ये जाते. निरोप नसताना एक टोळी त्याला पकडून तोडत राहते, आणि त्या टोळीतला मुख्य गडी म्हणजे एपीसी. एपीसीचं जीन बिघडलं की तोडणारं कोणी नाही, बीटा-कॅटेनिन साठत जातं, आणि मग पेशी खाचेच्या वर कठड्याला आली तरी तिला वाटतं मी अजून तळातच आहे. मुडी तिने पाठीवर बांधून घेतलीय, कुठेही गेली तरी ती बियाणंच. मोठ्या आतड्याच्या दहा कॅन्सरांपैकी साधारण आठांमध्ये हेच एपीसी बिघडलेलं सापडतं. एपीसीच्या दोन प्रती असतात, आईकडची आणि बाबांकडची, दोन्ही जाव्या लागतात म्हणून सहसा वेळ लागतो, पण काही घराण्यांत एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते, अशा माणसाच्या आतड्यात तरुणपणीच शेकडो-हजारो पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या छोट्या गाठी, येतात आणि आतडं काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळपास ठरलेला.

आणि मग तो 2009 चा प्रयोग, ह्याच क्लेव्हर्स यांच्या लॅबमधला, जो मी दरवर्षी वर्गात सांगते. उंदरांच्या एका गटात एपीसी तळाच्या मूलपेशीत बिघडवलं, दुसऱ्या गटात तेच एपीसी थोड्या वर चढलेल्या पेशींत. पहिल्या गटात काही आठवड्यांत गाठीच गाठी. दुसऱ्या गटात बारीक पुंजके झाले आणि बहुतेक तिथेच अडकले. चूक तीच, जीन तेच, पण कुठल्या पेशीत झाली त्यावर सगळं. आजीच्या भाषेत, मुडीला लागलेली कीड आणि पोत्याला लागलेली कीड.

इथून पुढे गाठ लगेच कॅन्सर होत नाही. आतड्यात पॉलिपपासून कॅन्सरपर्यंत बहुधा दहाएक वर्षं जातात, आणखी जीन बिघडावी लागतात, रास, पी-53 वगैरे, आणि ही दहा वर्षं म्हणजे आपली संधी, कारण दुर्बिणीने पॉलिप दिसला की तिथल्या तिथे काढता येतो. शौचातून रक्त जातंय आणि घरातला माणूस "मुळव्याध असेल" म्हणून वर्षभर कोकमाचं सार पितोय असं असेल तर त्याला सांगा एकदा दाखवून ये. मुळव्याध असेलही, पण दाखव.

तोंडाकडे मात्र आपल्याकडे जास्त वेळ द्या, आतड्यापेक्षा. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांत आहे आणि आमच्याकडे बायका पण मागे नाहीत कारण मिश्री. तंबाखू तव्यावर भाजून काळी करायची, कुटायची आणि दात घासायच्या नावाखाली तासभर हिरडीला लावून बसायचं. तोंडाचं अस्तर म्हणजे विटांची भिंत, सगळ्यात खालच्या थरात मूलपेशी, तिथून पेशी वर सरकतात आणि जेवताना-बोलताना गळतात. मिश्रीने किंवा चुन्याने वरचे थर रोज भाजले की खालून रोज जास्त पेशी पाठवाव्या लागतात, म्हणजे फासा जास्त वेळा, आणि त्यात तंबाखूतली नायट्रोसामीन नावाची रसायनं झिरपून नेमकी कॉपीच्या पुस्तकात चुका करतात. आणि "मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी" म्हणणाऱ्यांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सुपारीलाच, तंबाखूशिवाय, माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. सुपारीने गालाच्या आतली कातडी दोरखंडासारखी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. हे मी स्वतःच्या बागेत पोफळी असलेल्या घरात बसून लिहितेय, तेव्हा बोलणी कोणाकडून खायची ते मला माहीत आहे.

समजवताना भाषण करू नका, तपासायला शिकवा. पडवीत मी टॉर्च घेऊन सगळ्यांना आपापली तीन बोटं उभी करून तोंडात घालायला लावली, पुढच्या दातांच्या मध्ये. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे. पांढरा किंवा लाल चट्टा जो बोटाने पुसला जात नाही, आणि तोंडातली जखम जी दोन-तीन आठवड्यांत भरली नाही. दोन आठवडे का, तर अस्तर तेवढ्यात नवं होतं ना, मग जखम राहिलीच कशी? हे कारण सांगितलं की लोकांच्या लक्षात राहतं, नुसतं "दोन आठवडे" सांगितलं की विसरतात. आजीच्या खालच्या ओठाच्या आत, जिथे ती मिश्री धरते, तिथे पांढुरका पट्टा दिसला. ती म्हणाली, "ता तीस वर्सां आसा, तुझ्या जन्माच्या आदीपासून." तरी विसर्जनानंतर तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले, तीन तास लायनीत बसवलं, पण त्यांनी बघितलं, छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला, कॅन्सर नाही निघाला, मिश्री बंद करून सहा महिन्यांनी परत यायला सांगितलं. मिश्री बंद झालीय का? डबी तरी माझ्या कपाटात आहे, तिची दुसरी कुठे आहे ते ती सांगत नाही.

बायकाच बसल्या असतील तर गर्भाशयाच्या मुखाचं पण सांगा, पुरुष असले तरी सांगा खरं तर. तिथे एचपीव्ही विषाणू बारीक खरचट्यातून थेट खालच्या थरातल्या पेशींत शिरतो. त्या पेशी वर चढल्या की दुभंगायचं थांबवतात, पण विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला दुभंगणारी पेशी लागते, म्हणून तो ई-6 आणि ई-7 अशी दोन प्रोटीनं बनवून पेशीचे दोन मोठे ब्रेक काढून टाकतो, पी-53 आणि आरबी. बघा, परत तेच, चढलेल्या पेशीला सांगायचं की तू अजून तळातच आहेस. पद्धत वेगळी, थाप तीच. हा विषाणूच कारण आहे हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउजेन यांना 2008 चं नोबेल मिळालं. मुलींसाठी लस आहे, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक 2023 पासून मिळते, 9 ते 14 वयात दिली तर सगळ्यात चांगली. आणि तपासणी म्हणाल तर व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्याने बघायची साधी पद्धत, मुंबईत टाटा हॉस्पिटलने हजारो बायकांवर वर्षानुवर्षं करून बघितली आणि 2013 मध्ये जाहीर केलं की ह्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. व्हिनेगरने!

उपचाराचा प्रश्न हमखास येतो, "बरा झालेला परत का येतो?" त्याला लव्हाळा. मळ्यातला लव्हाळा वरून उपटला की शेत स्वच्छ दिसतं आणि आठ दिवसांत परत हिरवं, कारण खाली गाठी राहिलेल्या असतात. काही कॅन्सरांत असंच सापडलंय की सगळ्या पेशी सारख्या नसतात, थोड्याच पेशी नवी गाठ उभी करू शकतात. टोरंटोच्या जॉन डिक यांनी 1994 मध्ये हे रक्ताच्या एका कॅन्सरात दाखवलं. प्रत्येक कॅन्सर असाच असतो असं सांगू नका, तसं नाहीये, काही गाठींत जवळजवळ कुठलीही पेशी लव्हाळ्याची गाठ होऊ शकते. पण सीएमएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरात उदाहरण स्वच्छ आहे. त्यात 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि हे रक्ताच्या मूलपेशीतच होतं. 2001 मध्ये इमॅटिनिबची गोळी आली (हीच ती, जिच्या पेटंटवर आपल्या सुप्रीम कोर्टाने 2013 ला नकार दिला आणि त्यामुळे भारतात स्वस्त गोळी मिळत राहिली) आणि ज्या रोगात माणसं काही वर्षांत जायची ते गोळी खाऊन कामावर जायला लागले. पण गोळी खालच्या गाठी पूर्ण मारत नाही. रक्तात वर्षानुवर्षं काही सापडत नसलेल्यांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत थांबवली तर साधारण निम्म्यांमध्ये रोग परत दिसतो. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून स्वतःच्या मनाने गोळी सोडणारा कोणी ओळखीत असेल तर त्याला हा लव्हाळा ऐकवा.

आणि आता काकांचा गुडघा. इथवर आलात की अर्धं उत्तर त्यांनीच दिलेलं असतं. काका म्हणाले, म्हणजे बियाणं दुसऱ्याच्या शेतात टाकायचं, पण तिथे मुडी कोण नि राखण कोण? अगदी हेच. मूलपेशीला ताब्यात ठेवणारी तिची जागा असते, जागेबाहेर टाकलेली पेशी एक तर मरते, नाहीतर गप्प बसते, आणि क्वचित भलतंच करते. एका मुलाला परदेशात मेंदूत आणि मणक्यात गर्भातल्या चेतासंस्थेच्या मूलपेशी टोचल्या होत्या, काही वर्षांनी त्याला गाठी झाल्या, आणि 2009 मध्ये छापून आलं की त्या गाठी त्याच्या स्वतःच्या नव्हत्याच, देणाऱ्यांच्या पेशींच्या होत्या. काकांना टोचणार ते बहुधा त्यांच्याच चरबीतलं किंवा मगजातलं असणार, ते आणि हे एक नाही, घाबरवायला सांगत नाहीये. पण आयसीएमआरची, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सरळ सांगतात की रक्ताच्या आणि अशाच ठरलेल्या आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण, ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, ते सोडून बाकी सगळं त्यांनी प्रयोगात धरलंय. बोन मॅरो का चालतं? कारण तिथे टोचलेल्या पेशी रक्तातून वाट काढत बरोबर हाडाच्या मगजात, आपल्या मुडीत, जाऊन बसतात. त्यावर डॉनल थॉमस यांना 1990 चं नोबेल आहे.

बाळाच्या नाळेचं रक्त साठवायचे पॅकेज विकायला येतात तेव्हा पण हेच पुस्तक उघडा, "पुढेमागे त्याच बाळाला लागेल" म्हणून खाजगी बँकेत ठेवायला आयसीएमआरचा पाठिंबा नाही.

काकांना मी तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. हा उपचार आहे की ट्रायल? ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदणीत, नंबर काय? आणि ट्रायल असेल तर माझ्याकडून पैसे का घेताय, कारण ट्रायलमध्ये भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. दुसऱ्या दिवशी रेंज यायला विहिरीजवळ जाऊन त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची मुलगी गोड बोलत होती, पॅकेजवर गणपती ऑफर आहे म्हणाली. काकांनी दुसरा प्रश्न विचारल्यावर ती म्हणाली सर सीनिअरशी बोलून कॉलबॅक करते. काका मुंबईला परत गेले, गुडघ्याला पट्टा बांधून व्यायाम करतायत, कॉलबॅक अजून यायचाय.

ताट, फासा, नाणं मात्र सांभाळून ठेवा. पोरं अजून खेळतायत, आता त्यांनी स्वतःचा नियम काढलाय, दोन लाल आणि मध्येच एका डावाला डॉक्टर, जो फाशावर सहा आला की कुठलीही एक लाल उचलू शकतो. त्याने काय होतं ते मी अजून गणिताने काढलेलं नाही.